पायी वाट आणि सर्वव्यापी देव

देव चराचरात भरलेला आहे असे एकदा मान्य केले, तर त्याच्याकडे चालत जाण्याला काय अर्थ उरतो, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात जुना आहे आणि तो केवळ पंडितांच्या वादापुरता कधीच राहिलेला नाही. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यासारख्या भागात तो दरवर्षी आश्विनात रस्त्यावर येतो. दसरा उलटला की सोयाबीनची काढणी आणि रब्बी ज्वारीची पेरणी यांच्या धांदलीतून सवड काढून लोहारा, उमरगा, औसा येथून आणि पलीकडे कर्नाटकाच्या हद्दीतील गावांतूनही माणसे कोजागिरी पौर्णिमेसाठी तुळजापूरला पायी निघतात. एस.टी. काही तासांत पोचवते, गावात मोटारसायकली आहेत, आणि तुळजाभवानीचे टाक तर घरोघरच्या देव्हाऱ्यात आहेत. तरीही तळपायाला फोड येईपर्यंत चालणारी ही माणसे नवस फेडायला निघालेली असतात, एवढे सांगून भागत नाही, कारण नवसही चालण्याचाच का बोलला जातो, हे त्यातून उलगडत नाही.

शास्त्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर कठोर आहे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात अर्चिरादी मार्गाची, म्हणजे उपासक देह सोडल्यावर ज्या प्रकाशमार्गाने वर जातो त्या मार्गाची चर्चा आहे. हा मार्ग नेमका कोठे पोचवतो यावर बादरी आणि जैमिनी या दोन आचार्यांची मते तेथे वेगवेगळी नोंदवली आहेत. जैमिनींच्या मते तो परब्रह्मापर्यंत नेतो. बादरींच्या मते तो कार्यब्रह्मापर्यंतच, म्हणजे सगुण आणि मर्यादित अशा ब्रह्मलोकापर्यंतच जातो. शंकराचार्य आपल्या भाष्यात बादरींची बाजू घेतात. त्यांचा युक्तिवाद असा, की जे सर्वगत आहे आणि जाणाऱ्याचेच स्वरूप आहे, तेथे 'जाणे' संभवत नाही. जाणारा, गंतव्य आणि मधले अंतर ही तिन्ही असतील तेथेच गती असते, आणि निर्गुणाच्या बाबतीत ती तिन्ही नाहीत. हा युक्तिवाद मान्य केला, तर लोहाऱ्याहून तुळजापूरला निघालेला माणूस सगुणोपासनेच्या पायरीवर उभा आहे आणि ज्ञान झाले की त्याचे चालणे आपोआप थांबेल, असे म्हणावे लागते.

मराठी संतपरंपरेला ही अडचण ठाऊक होती, आणि तिची सर्वांत ठसठशीत कथा याच जिल्ह्यातील तेर या गावाशी जोडलेली आहे. संत गोरा कुंभार तेरचे. संतांचा मेळा जमला असता त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, असे परंपरा सांगते. पुढे नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले. शिवलिंगावर पाय ठेवून पडलेल्या विसोबांना त्यांनी हटकले, तेव्हा देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सुचवले, आणि नामदेव पाय ठेवायला जातील तेथे लिंगच प्रकट होऊ लागले. कथेची ऐतिहासिकता हा येथे मुद्दा नाही. देव सर्वत्र आहे हे नामदेवांना शिकवण्यासाठी कथाकाराने पायच निवडले, याला महत्त्व आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो पुढचा भाग. पाऊल ठेवायला देवाविना जागा उरलेली नाही हे कळल्यावर नामदेव पंढरीत बसून राहिले नाहीत. परंपरेनुसार त्यांनी उत्तर भारतात दीर्घ भ्रमण केले, पंजाबातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य मानले जाते आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची पदे समाविष्ट आहेत. शास्त्राच्या हिशेबाने जेथे चालणे संपायला हवे होते, तेथून त्यांचे सर्वांत लांबचे चालणे सुरू झाले. तेव्हा चालणे म्हणजे अंतर कापून देवाजवळ जाणे, या व्याख्येतच काही उणे आहे, असा संशय घेण्यास येथे पुरेशी जागा आहे.

तो संशय तुळजापूरच्या मंदिरात पक्का होतो. आगमशास्त्र, म्हणजे मंदिर आणि मूर्तिपूजा यांचे नियम सांगणारे शास्त्र, मूर्तीचे अचल आणि चल असे दोन प्रकार मानते. गाभाऱ्यातील मुख्य मूर्ती साधारणपणे अचल असते, ती प्रतिष्ठेनंतर हलवत नाहीत. मिरवणुकीसाठी उत्सवमूर्ती निराळी असते. तुळजाभवानीची मुख्य मूर्तीच चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उतरवून शेजघरात पलंगावर निजवली जाते. विजयादशमीच्या सीमोल्लंघनात हीच मूर्ती पालखीत बसून मंदिराला प्रदक्षिणा घालते आणि त्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. या सोहळ्याची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरची असते आणि पलंग घोडेगावहून निघतो; दोन्ही वस्तू मानकऱ्यांच्या खांद्यावरून, गावोगावच्या पूजा घेत, पायी तुळजापुरात येतात. म्हणजे कोजागिरीला पायी चालत येणारा भक्त ज्या देवीसमोर उभा राहतो, ती स्वतः नुकतीच सीमा ओलांडून आलेली आणि श्रमून निजून उठलेली असते. चालण्याचा शीण हा केवळ भक्ताचा नाही, तो देवीचाही आहे, असे हे विधान पूजाविधीने केलेले आहे, आणि कोणत्याही भाष्यग्रंथापेक्षा ते कमी स्पष्ट नाही.

लोहाऱ्याच्या दक्षिणेला नळदुर्ग आणि अणदूर येथे हाच विचार आणखी पुढे गेलेला दिसतो. या दोन गावांत खंडोबाची दोन मंदिरे आहेत आणि देव एकच आहे. वर्षाचा मोठा भाग मूर्ती अणदूरला असते, सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपूर मंदिरात असते, आणि दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करून तिची देवाणघेवाण करतात. मूर्ती गेल्यावर मागे राहिलेले रिकामे मंदिर अपवित्र ठरत नाही आणि त्या गावचा भक्त देवाला मुकला असेही कोणी मानत नाही. देव पाहुणा म्हणून गेला आहे आणि ठरल्या मुदतीने परतणार आहे, एवढीच समजूत असते. नवरात्रातील ज्योतीचा प्रकारही असाच आहे. घटस्थापनेसाठी गावोगावची तरुण मंडळे तुळजापूरला जातात, मंदिरात ज्योत पेटवून घेतात आणि आळीपाळीने हातात घेऊन अनवाणी धावत ती आपल्या गावी आणतात. जाताना टेम्पो चालतो, व्रत लागते ते परतीच्या वाटेवर. येथे चालण्याची दिशाच उलटली आहे: माणूस देवाकडे जात नाही, देवाला घेऊन घरी येतो.

समुद्रकिनाऱ्यावरही याहून निराळे घडत नाही. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते आणि घरोघर जाऊन ओटी घेते; सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला गावोगावच्या देवस्वाऱ्या डोंगर-पाणंदी तुडवीत येतात आणि देव समुद्रस्नान करतात. बालाघाटचे पठार आणि कोकणची किनारपट्टी यांच्यात पीक, पाऊस, घराची बांधणी यांपैकी काहीच समान नाही. देवाने आपल्या मुलखातून स्वतः फिरावे ही अपेक्षा मात्र दोन्हीकडे सारखी आहे. पठारावरून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटाही जुन्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर तगर, म्हणजे आजचे तेर, असल्याची आणि तेथील कापड गाड्यांतून, नीट रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. व्यापारी तांड्यांच्या अशाच वाटांना धरून दख्खनमधील लेणी आणि विहार उभे राहिले. भिक्षू, व्यापारी आणि तांडे एकाच वाटेने चालत होते, ही वस्तुस्थिती धर्माच्या इतिहासात जेवढी ठळक व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

चालणे हेच ज्यांचे व्रत आहे अशा परंपरांनी त्याचे वेगवेगळे अर्थ लावले आहेत. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींनी साधकाला अटन सांगितले. अटन म्हणजे कोणतेही तीर्थ गाठण्याचा हेतू न ठेवता केलेले भ्रमण. एका जागी राहिल्याने जागेची, माणसांची आणि अन्नाची आसक्ती जडते, म्हणून साधकाने भिक्षा मागत फिरत राहावे असा त्यामागचा विचार आहे. तरीही त्याच पंथाने स्वामी जेथे जेथे राहिले, बसले, थांबले त्या जागा 'स्थानपोथी'त बारकाईने नोंदवून ठेवल्या, आणि अनासक्तीसाठी चाललेल्या गुरूच्या थांब्यांवर शिष्यांची भक्ती जडली. हा विरोध पंथाचा दोष मानण्याचे कारण नाही. चालणाऱ्याच्या मागे वाट उरते आणि वाटेवर प्रेम बसते, एवढेच त्यातून दिसते. जैन मुनी वाहनात बसत नाहीत. ईर्यासमिती, म्हणजे समोरची सुमारे चार हात जमीन न्याहाळत, कीडमुंगी पायाखाली येणार नाही अशा दक्षतेने चालण्याचा नियम, त्यांच्या प्रत्येक पावलाला लागू असतो. याच जिल्ह्यातील कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र, जेथे आचार्य शांतिसागर यांनी 1955 मध्ये सल्लेखना, म्हणजे अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवण्याचे व्रत, घेतली, तेथे येणारे मुनी आजही पायीच येतात. चालण्याने जीवहिंसा होते याची एवढी तीव्र जाणीव इतर कोणत्याही परंपरेत नाही, आणि म्हणूनच पावसाळ्यात, जेव्हा जमीन जीवांनी गजबजते, तेव्हा मुनी चातुर्मासासाठी एका जागी थांबतात. पंढरीच्या वारकऱ्यांची वाटचालही आषाढी एकादशीला, म्हणजे त्याच दिवसांत, पूर्ण होते. दोन परंपरांची तत्त्वज्ञाने इतकी भिन्न असताना कालगणना त्यांना एकाच आठवड्यात थांबवते, कारण दोन्ही परंपरा एकाच जमिनीवरून आणि एकाच पावसातून चालत आलेल्या आहेत.

लोहारा-उमरगा परिसराला सर्वांत जवळचा आणि सर्वांत मूलगामी विचार मात्र बसवेश्वरांचा आहे, कारण बाराव्या शतकातील शरणांची, म्हणजे त्यांच्याभोवती जमलेल्या शिवभक्तांची, कल्याण नगरी, आजचे बसवकल्याण, उमरग्याच्या शेजारीच आहे. शरणांनी स्थावर आणि जंगम असा भेद केला. स्थावर म्हणजे एका जागी रोवलेले, बांधलेले, म्हणून कधीतरी ढासळणारे. जंगम म्हणजे हलते, जिवंत, माणसाच्या रूपाने वावरणारे शिवतत्त्व. इष्टलिंग, म्हणजे अंगावर वागवायचे छोटे शिवलिंग, गळ्यात धारण करणाऱ्याला देवळाची गरज उरत नाही, कारण त्याचा देव त्याच्याबरोबरच चालतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात याच पट्ट्यातील सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या रुंद भिंतींचे वाडे क्षणात कोसळले, किल्लारी परिसर धरून हजारो माणसे त्याखाली गेली, आणि पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. स्थावराच्या नश्वरतेची चर्चा या मुलखात तेव्हापासून पुस्तकी राहिलेली नाही. अशा आपत्तीतून सिद्धांताचा विजय वाचणे अमानुष ठरेल. पण ज्यांचे घर, देऊळ आणि गावठाण एकाच पहाटे नाहीसे झाले, त्यांनी पुढेही वाऱ्या आणि यात्रा सोडल्या नाहीत, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. इष्टलिंग धारण करणारा समाजही कार्तिकात बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीकडे दिंड्या घेऊन पायी जातो. ज्याचा देव गळ्यात आहे तो कोणाकडे चालत निघतो, हा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो, आणि येथे 'देवाजवळ जाण्यासाठी' हे उत्तर पूर्णपणे अपुरे पडते.

मग उत्तर कशात शोधावे? ते वाटेवरच्या एका साध्या प्रसंगात सापडते. कोजागिरीच्या आदल्या दिवशी तुळजापूरकडे येणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर गावाच्या वेशीशी मांडव पडलेले असतात. कोठे पिठले-भाकरी, कोठे केळी, कोठे नुसते पाणी आणि चहा असतो. एखादी म्हातारी घरच्या तेलाची वाटी घेऊन अनोळखी माणसाच्या पोटऱ्या चोळत बसलेली असते आणि तो माणूस संकोचत का होईना, पाय पुढे करतो. एरवी तो माणूस स्वतःच्या घरी कर्ता असेल, गावात मान घेणारा असेल. त्या क्षणी तो घेणारा आहे, परतफेड करण्याची सोय नसलेला आहे. पायी चालणे माणसाला दुसऱ्याच्या दाराशी आणते आणि त्याचे स्वयंपूर्णपण काही दिवसांपुरते काढून घेते. देव सर्वत्र आहे हे मत घरी बसूनही बाळगता येते. पण तो या वेशीवर आणि या मांडवातही आहे हे मान्य करायचे, तर तेथे तहानलेल्या अवस्थेत पोचावे लागते. शंकराचार्यांचा युक्तिवाद यामुळे खोटा ठरत नाही. ब्रह्माकडे जाता येत नाही हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पायी यात्रेत माणूस जातो तो माणसांकडे, आणि सर्वव्यापित्वाचा अर्थ त्याला तेथे कळतो.

या मताला एक जड आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. वाटेवरचे घेणे-देणे सर्वांसाठी कधीच सारखे नव्हते. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या निबंधात पंढरीच्या वारीचे जे वर्णन केले आहे, त्यात एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा स्त्रिया जेवायला मात्र वेगळ्या बसत होत्या, ही खंत स्पष्ट आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील संत चोखामेळ्यांची समाधी मंदिराबाहेर महाद्वारापाशी आहे, आणि त्यांच्या समाजाला पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले. ज्या वाटेवर काहींच्या हातचे पाणी चालत नाही, ती वाट कितीही शतके तुडवली तरी वर सांगितलेली उपासना तेथे अपुरीच राहते. विनोबा भावे यांनी 1951 मध्ये पोचमपल्लीहून सुरू केलेल्या भूदान पदयात्रेकडे या दृष्टीने पाहावे. वर्षानुवर्षे रोज चालणारा हा माणूस रोज नव्या गावात मागणारा म्हणून उभा राहत होता, आणि 1958 च्या मे महिन्यात पंढरपूरला पोचल्यावर त्याने अन्यधर्मीय सहकाऱ्यांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले. पायी चालण्याची परंपरा आपला दोष स्वतः चालूनच दूर करू शकते, याचा तो पुरावा आहे.

अलीकडे सायकलवारीने नवा प्रश्न उभा केला आहे. नाशिकसह अनेक शहरांतील सायकलस्वार गेल्या काही वर्षांपासून पंढरपूरपर्यंत सायकलवर वारी करतात. ही वारी म्हणावी काय, असा प्रश्न कधी श्रद्धेने तर कधी कुत्सितपणे विचारला जातो. श्रम हा निकष लावला तर सायकल उत्तीर्ण होते. वेळ हा निकष लावला तर ती नापास होते, पण तसा निकष लावण्यास आधार नाही. वाटेत दुसऱ्याच्या दाराशी घेणारा म्हणून उभे राहण्याचा, वर मांडलेला निकष लावला, तर उत्तर वाहनावर अवलंबून राहत नाही. कोकणच्या सागरी मार्गाने दक्षिणेकडे जाणारा सायकलस्वार दाभोळच्या किंवा बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचला, की त्याला फेरीबोटीची वाट पाहावी लागते. मासळीच्या टोपल्या, शाळकरी मुले आणि बाजारहाट करून परतणाऱ्या बायका यांच्यात उभे राहावे लागते, आणि तेवढा वेळ त्याच्या वेगाला काही किंमत नसते. अशा थांब्यांना जो जागा देतो, वाटेतल्या घरी पाणी मागतो, गाव विचारतो आणि सांगतो, त्याची सायकलवारी ही वारीच आहे. ज्याच्या मागे खाणे, पाणी, औषधे आणि सुटे भाग घेऊन गाडी चालते आणि ज्याला वाटेत कोणाकडे काही मागावेच लागत नाही, त्याचा प्रवास उत्तम व्यायाम असेल, पण तो यात्रेत मोडत नाही. हा निकष पायी दिंड्यांनाही लागू पडतो, हे मान्य केले पाहिजे. ट्रकमध्ये सिलिंडर, तंबू आणि पाण्याचा टँकर घेऊन चालणारी दिंडी वाटेवरच्या गावाकडून काहीच घेत नसेल, तर ती फक्त त्या गावातून जाते, त्या गावापाशी येत नाही.

या दृष्टीने पाहिले म्हणजे वाट ही धर्माची बाब ठरते, तिची देखभाल केवळ बांधकाम खात्याची उरत नाही. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाले, तेव्हा दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ योजण्यात आले. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तुळजापूरच्या वाटांना असे काही नाही. कोजागिरीच्या दिवसांत प्रशासन वाहतूक वळवते, तेवढे दिवस रस्ता चालणाऱ्यांचा होतो, आणि एरवी पौर्णिमेला किंवा मंगळवारी पायी निघालेल्या माणसाला अवजड वाहनांच्या कडेने अंधारात चालावे लागते. त्याहून दुर्लक्षित आहेत त्या गावोगावच्या पाणंदी आणि शिवरस्ते. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता आणि शेतांमधून जाणारी गाडीवाट यांच्यावरून पूर्वी तुळजापूरपर्यंत सावलीने जाता येत होते. आज अनेक ठिकाणी त्या वाटा बांधांत ओढल्या गेल्या आहेत, नांगरल्या गेल्या आहेत किंवा वेड्या बाभळींनी बुजल्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मधील कलम 143 नुसार शेताच्या बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देऊ शकतात, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 नुसार वाटेतील अडथळा दूर करण्याचा आदेशही काढता येतो. कायद्याच्या या तरतुदी शेतकऱ्यांच्या भांडणांपुरत्याच वापरल्या जातात, कारण वाट ही कोणा एकाची गरज आहे असे समजले जाते. लोहाऱ्यापासून तुळजापूरपर्यंतच्या गावांनी आपल्या गावनकाशावरील शिवरस्ते आणि पाणंदी ग्रामसभेत वाचून घ्याव्यात, कोठे काय बुजले आहे त्याची यादी तहसीलला द्यावी, वाटेत पाण्याची जागा आणि सावलीचे झाड कोणाचे याची जबाबदारी ठरवावी, आणि ज्यांनी बांध पुढे सरकवला आहे त्यांनी तो येत्या आश्विनाच्या आत स्वतःहून मागे घ्यावा.